मतियस कुठे बसायचा

बुधवारी सकाळी सुरभी थोरात मेथी निवडत बसली होती, तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. असे फोन ती उचलत नसे. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून विमेवाल्यांनी तिचा पिच्छाच पुरवला होता. पण हा फोन लागोपाठ तिसऱ्यांदा वाजला, म्हणून तिने पदराला हात पुसून उचलला.

"सिस्टर ना? मी अस्लम बोलतोय, धाटाववरनं. तुमच्या चर्चचा माणूस गेला, सिस्टर. सकाळी पाचला."

"कोण माणूस?"

"मतियस. मतियस कुल्लू, झारखंडचा. माझ्या चाळीतल्या खोलीत राहायचा, कंपनीतली पोरं राहतात ना, त्यांच्यात."

"आमच्या चर्चचा?"

"व्हय तर. दर रविवारी येत होता तुमच्याकडं. शर्टाला इस्त्री करून."

सुरभीला काही केल्या चेहरा आठवेना. रोह्याची त्यांची ख्रिस्ती मंडळी मोठी होती असंही नाही. सगळी मिळून एकोणीस घरं. कुणाच्या सुनेला कितवा महिना लागलाय आणि कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे, हे तिला तोंडपाठ. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढल्यामुळे निम्म्या मंडळीला इंजेक्शनं तिनेच दिलेली. आणि दर रविवारी येणारा माणूस तिला ठाऊक नव्हता.

"त्याच्या मोबाईलमधी तुमचा नंबर घातलेला हाय," अस्लम म्हणाला. "रोहा चर्च म्हणून. तवा तुम्हालाच कळवलं."

ते मात्र समजण्यासारखं होतं. पाळकसाहेब पेणला राहायचे. पेण आणि रोहा, दोन्ही मंडळ्या त्यांच्याकडे होत्या. म्हणून रोह्याच्या चर्चच्या फाटकावरच्या पाटीवर संपर्कासाठी सुरभीचाच नंबर रंगवलेला होता.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा अस्लम दारातच उभा होता. साठीचा, दाढी मेंदीने रंगवलेली, पायात गल्फहून आणलेले जुने सँडल. त्याच्याबरोबर चाळिशीचा एक सावळा माणूस होता. तो मतियसच्याच खोलीतला, सिलास टेटे. शवागारातल्या माणसाने चादर बाजूला केली आणि सुरभीने पाहिलं.

तेव्हा तिला आठवलं. चेहरा नव्हे, हात. उपासना संपल्यावर सगळे दारात एकमेकांना सलाम करतात, त्या घोळक्याच्या कडेला एक जण हात जोडून "यीशु सहाय" म्हणायचा. त्यांच्याकडची ती रीत असावी. सुरभीही त्याला घाईघाईत "सलाम" म्हणायची आणि पुढे सरकायची. रविवारी घरी पाहुणे असत, भात टाकायचा असे.

डॉक्टर तिच्या ओळखीचे होते. त्यांनी कागद दाखवला. लेप्टो. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारा तो ताप, पावसाळ्यात कोकणात दरवर्षी माणसं नेणारा. मतियसला गुरुवारपासून ताप होता. मेडिकलमधून गोळ्या घेऊन त्याने दोन दिवस ड्यूटीही केली. सोमवारी संध्याकाळी अस्लम आणि सिलासने त्याला स्कूटरवर मध्ये बसवून आणला, तोवर डोळे पिवळे झाले होते आणि लघवी बंद. दीड दिवस सगळे उपाय झाले, पण उशीर झाला होता.

सुरभी ते वाचत होती आणि मनात दिवस मोजत होती. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तिने त्याचे डोळे पाहिले असते, पोटऱ्या दाबून "दुखतं का?" विचारलं असतं, तर तिला कळलं असतं. हे ती गर्वाने म्हणत नव्हती. तिच्या वॉर्डात दर पावसाळ्यात असे पेशंट आलेले होते.

पोलिसांच्या कागदावर मयताचा मोबाईल नंबर लिहिलेला होता. सुरभीने पर्समधून आपला फोन काढला आणि मागचे कॉल बघत गेली. रविवार, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. तोच नंबर. एक मिस्ड कॉल.

तिने फोन परत पर्समध्ये ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. अस्लमने विचारलं, "पाणी आणू काय?" तिने मान हलवून नको म्हटलं.

दुपारी चर्चमध्ये पाचसहा जण जमले. पाळकसाहेब पेणहून मिळेल त्या गाडीने आले. मतियसची बायको अनिमा गावाहून निघाली होती. सिमडेगा जिल्ह्यातल्या कुठल्या खेड्यातून बसने राउरकेला, तिथून गाडीने कल्याण, मग पनवेल. तिने फोनवर एवढंच सांगितलं होतं की मी येईपर्यंत ठेवा, आणि तिथेच माती द्या. इतक्या लांब नेऊन त्याचे हाल नको.

आता प्रश्न जागेचा होता.

मंडळीचा सेक्रेटरी सुजय शिरसाट हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर घेऊन बसला होता. आयुष्यभर कंपनीत टाइमकीपर म्हणून काम केलेला माणूस. त्याचं सगळं नोंदीवर चालायचं. "सिस्टर, मला वाईट वाटतंय," तो म्हणाला, "पण हा सभासद नाही. रजिस्टरात नाव नाही, कुठल्या चर्चचं पत्र आणलेलं नाही. आपलं कबरस्तान सहा गुंठे. मागे वाद झाला तेव्हा सर्वांनी ठराव केलाय, फक्त सभासद. आज याला दिली, उद्या कंपनीत कुणी ना कुणी मरतंच."

"पत्र आणायला त्याला कुणी सांगितलं होतं?" सुरभीने विचारलं.

"विचारायला पाहिजे होतं त्याने."

"आपण का नाही विचारलं?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, मीही त्याला प्रभुभोजनाच्या वेळी पाहिलं होतं, हातावर भाकर ठेवली होती, पण घाईत विचारायचं राहिलं. साडेदहाची उपासना उरकून त्यांना पेणला परत जायचं असे.

अस्लम दाराबाहेर चपला काढायच्या जागी उभा होता. आत या म्हटलं तरी आला नव्हता. तिथूनच म्हणाला, "माफ करा, मधी बोलतो. तुमच्याकडं जागा नसंल तर तसं सांगा. मी आमच्या जमातीत विचारून बघतो. माणूस ठेवायचा कुठं? असा ताटकळत तर नाय ठेवता येत."

मग पुढच्या बाकावरून बायजाबाई बोलल्या. ऐंशी ओलांडलेल्या, ऐकू कमी यायचं. एवढा वेळ त्यांचं लक्ष आहे की नाही हेही कळत नव्हतं.

"अठ्ठ्याहत्तर साली आमी नेवाशाहून आलो. कंपन्या नव्या नव्या व्हत्या. लोक आमाला घाटी म्हनायचे. खोली देत नव्हते. माजा पयला सव्वा मयन्याचा व्हता, तो गेला. हितं तवा आपलं कबरस्तानच नव्हतं. ह्यांनी त्याला दुधाच्या टेंपोत घालून पेनला न्हेला. पेनच्या मंडळीनं पोराचं नाव इचारलं. दुसरं काय बी नाय इचारलं." त्यांनी पदर सारखा केला. "सुजय, तुजा बाप तवा माज्या नवऱ्याच्या संगं टेंपोत व्हता. त्याचं बी नाव कुटल्या रजिस्टरात नव्हतं."

सुजयने रजिस्टर मिटलं.

"खणायला माणसं सांगतो," तो म्हणाला. "पण नदीच्या अंगाला नको, पाणी लागेल. वरच्या बाजूला घेऊ. आणि फळ्या लागतील."

शुक्रवारी सकाळी सुरभी आणि सिलास अनिमाला आणायला पनवेलला गेले. सिलासने एक दिवसाची सुट्टी काढली होती. रोह्याहून निघालेली गाडी नागोठणं, पेण, जिते करत चालली होती आणि तेवढ्या वेळात तो तीनचार वाक्यं बोलला असेल. मतियस आणि तो वेगवेगळ्या गावचे, पण एकाच ठेकेदाराबरोबर आले होते. मतियसला सहा वर्षांची मुलगी आहे. रविवारची सुट्टी खोलीत फक्त त्यालाच मिळायची, म्हणून चर्चला तो एकटाच यायचा.

अनिमा एकटीच उतरली. सोबत येणारा दीर ऐनवेळी तापाने पडला होता. तिशीची, ठेंगणी, खांद्याला एक बॅग, हातात पाण्याची बाटली. तीस तास बसून तिचे पाय सुजले होते. सुरभीला बघून तिने हात जोडले, "यीशु सहाय." सुरभीने तेच शब्द परत म्हटले. पहिल्यांदाच.

त्याच दुपारी दफन झालं. पाऊस उघडला होता. अस्लम आणि त्याची बायको रशिदा कबरस्तानाच्या फाटकाशी थांबले होते. खोलीतले सहाजण शिफ्ट बदलून आले होते, बाकीच्यांना सोडलं नव्हतं. मंडळीतून पंचवीसएक माणसं आली. पाळकसाहेबांनी प्रार्थना मराठीत सुरू केली, मग थांबून मोडक्यातोडक्या हिंदीत केली. अनिमा मोठ्याने रडली नाही. माती टाकून झाल्यावर तिने विचारलं, दिशा कुठली? म्हणजे आमचं गाव कुठल्या बाजूला येतं? सुजयने खिशातून फोन काढला, नकाशा बघितला आणि हाताने दाखवलं. ती त्या बाजूला तोंड करून थोडा वेळ उभी राहिली.

ती सुरभीच्या घरीच उतरली होती. सुरभीची मुलगी पुण्याला असायची, तिची खोली रिकामी होती. शनिवारी दिवसभर अनिमा झोपली. उठली तेव्हा तिने न सांगता भांडी घासायला घेतली. सुरभीने तिला अडवलं नाही. वॉर्डात तिने पाहिलं होतं, माणसाला अशा वेळी हाताला काम लागतं.

रविवारी सकाळी अनिमा म्हणाली, मला चर्चला यायचंय.

दारातच तिने सुरभीला विचारलं, "वो कहाँ बैठते थे?"

सुरभीने सुजयकडे पाहिलं. सुजयने चर्चची राखण करणाऱ्याकडे पाहिलं. "मागे," कुणीतरी म्हणालं. "शेवटच्या बाकावर."

"किस तरफ?"

हे कुणालाच सांगता आलं नाही. डावीकडे एक शेवटचा बाक होता आणि उजवीकडे एक. अनिमा आधी डावीकडच्या बाकावर जाऊन बसली. पहिलं गीत झाल्यावर उठली आणि उजवीकडच्या बाकावर जाऊन बसली. उपासना संपेपर्यंत ती तिथेच होती. मंडळीतलं कुणी मागे वळून बघत नव्हतं, पण सगळ्यांना ते कळत होतं. सुरभीला त्या दिवशी वाचन काय झालं, उपदेश काय झाला, काही आठवत नाही.

घरी आल्यावर अनिमाने पुढचे प्रश्न विचारले. ते कोणतं गीत म्हणायचे? जेवण झालं का म्हणून इथे त्यांना कोण विचारायचं? शेवटी कुणाशी बोलले?

सुरभीने ताट बाजूला सरकवलं. तिला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही.

"पहिल्या दोन गोष्टी मला माहीत नाहीत," ती हिंदीत म्हणाली. "तिसरी अर्धी माहीत आहे. मागच्या रविवारी दुपारी त्याने मला फोन केला होता. मी घरातच होते. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून उचलला नाही. नंतरही केला नाही. मी नर्स आहे. त्या दिवशी मी गेले असते, तर कदाचित तो वाचला असता. कदाचित नाहीही. पण मी गेले नाही."

अनिमाने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "उस दिन मुझको भी किया था. मैं खेत में थी. फोन घर पे था." आणि तिने भाताचा घास घेतला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि सुरभीनेही ते मागितलं नाही. दोघी जेवून उठल्या.

"चल," सुरभी म्हणाली, "ज्यांना माहीत आहे त्यांना विचारू."

त्या दुपारी दोघी रिक्षाने धाटावला गेल्या. अस्लमच्या घरामागे पत्र्याच्या पाच खोल्या होत्या. मतियसची खोली शेवटची. बारा माणसं, दोन पाळ्यांत झोपायची. एका दोरीवर बारा जणांचे टॉवेल. शिफ्टवरून आलेले चौघं अंगण झाडत होते. अनिमाला बघून त्यांनी झाडू ठेवला.

सिलासने सांगितलं, मतियस चर्चमध्ये डावीकडे बसायचा, खिडकीशी. उजवीकडे पंख्याचा वारा लागत नाही, असं तो म्हणायचा. अनिमाने मान डोलावली. आधी ती तिथेच बसली होती.

गीताचं उत्तर अस्लमकडे होतं. तो घरातून एक शाळकरी वही घेऊन आला. मराठी आणि हिंदीची लिपी एकच असल्यामुळे मतियसला गीतं वाचता यायची, अर्थ मात्र कळत नसे. म्हणून तो चर्चमधून एकेक गीत वहीत उतरवून आणायचा आणि संध्याकाळी अस्लमला अडलेले शब्द विचारायचा. समोर हिंदी अर्थ लिहायचा. आठ महिन्यांत चौदा गीतं झाली होती.

"मला तरी कुठं सगळे येतात?" अस्लम म्हणाला. "'करुणाघन' म्हंजे काय, मी माझ्या पोरीच्या मास्तरांना फोन करून विचारला. पण त्याला अर्धवट चालत नसं. चौदातली सहा तो न बघता म्हणायचा. भाकऱ्या थापताना."

जेवणाचं रशिदाने सांगितलं. तापात त्याला काही जात नव्हतं तेव्हा ती पेज करून पाठवायची. "खा रे बाबा, दोन चमचे तरी खा, म्हनायचे मी. तो म्हनायचा, भाभी, नमक ज्यादा है. मरणाला टेकलेला मानूस, पन मिठाचं सांगायचा!" हे सांगताना तिला हसू आलं आणि मग रडू आलं. अनिमाही हसली. तो घरीही तसंच म्हणायचा.

सुरभीने अस्लमला विचारलं, "तुम्ही एवढं सगळं का केलंत? तुमचा तो भाडेकरूच ना?"

अस्लमला प्रश्नाचं नवल वाटलं. "सिस्टर, मी मस्कतला अठरा वर्षं काढली. एका खोलीत चौदा जण. शुक्रवारी नमाजाला गेल्यावर कोणी नुसतं विचारलं ना, अरे तू मागल्या टायमाला दिसला नाय, तरी पुढचा आठवडा बरा जायचा. ह्याच्यात करण्यासारखं काय हाय?"

निघताना सुरभीचं लक्ष कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडलेल्या एकाकडे गेलं. "याला काय झालंय?" थकलाय, असं बाकीचे म्हणाले. तिने कपाळाला हात लावला, पापणी खाली ओढून डोळा बघितला, पोटरी दाबली. तो कळवळला. मग तिने खोलीतल्या सगळ्यांना ओळीत बसवलं आणि एकेकाला तपासलं. आणखी एकाला अंगात कणकण होती. सगळे एकाच तुंबलेल्या गटारात उतरून काम करत होते आणि तेच पाय घेऊन जेवायला बसत होते. सोमवारची वाट न बघता दोघांना दवाखान्यात नेलं. एकाचा साधा फ्लू निघाला. दुसऱ्याचा तोच ताप होता, पण दुसऱ्याच दिवशी सापडला. नऊ दिवसांनी तो चालत खोलीवर परतला.

अनिमा पुढच्या गुरुवारपर्यंत राहिली. मृत्यूच्या दाखल्यासाठी आणि विम्याच्या कागदांसाठी सुजय तिच्याबरोबर चार ठिकाणी हिंडला. ठेकेदाराच्या माणसाने आधी हात वर केले. मतियस कुल्लू नावाचा कुणी हजेरीपटावर नाही, असं तो म्हणाला. सुजयने खुर्ची ओढून घेतली. "मी चौतीस वर्षं हजेरीपट लिहिलेत," तो म्हणाला. "मला पट दाखवा. नाव नसेल तर का नाही ते दाखवा. मी संध्याकाळपर्यंत बसतो." दुपारी तीन वाजता नाव सापडलं, दुसऱ्याच एका आडनावाखाली. रविवारी सुजयने हिरव्या रजिस्टरात मागच्या बाजूला एक नवं पान उघडलं. वर लिहिलं, "आपल्यात येणारे". त्या पानासाठी पत्राची अट नव्हती.

याच्यापुढचं सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच महिन्यात मंडळीच्या बायकांनी जुने कपडे गोळा केले, धुऊन घड्या घातल्या आणि टेंपोने धाटावला नेले. कुणीतरी फोटोही काढले. खोलीतली माणसं ओशाळून उभी राहिली. कपडे त्यांनी घेतले, आणि अधूनमधून चर्चला येऊ लागलेले दोघंतिघंही पुढच्या रविवारी आले नाहीत. सुरभीने सिलासला गाठलं. तो म्हणाला, "सिस्टर, कपडा तो हमारे पास है."

"मग काय नाही?"

तुमची उपासना साडेदहाला असते, तो म्हणाला. रात्रपाळीचा माणूस तेव्हा झोपेत असतो, दिवसपाळीचा कामावर. आणि कुठल्याही ऑफिसात एकटं गेलं की आधी ओरडतात. सोबत इथला कुणी असला तर खुर्ची देतात. बाकी आमचं आम्ही करतो.

हे सुरभीने मंडळीसमोर सांगितलं. संध्याकाळी चारला हिंदीतून दुसरी उपासना ठेवायची का, यावर दोन बैठका झाल्या. एक घर तर नाराज होऊन महिनाभर आलंच नाही. मराठी चर्च आहे, हिंदी कशाला, असं त्यांचं म्हणणं. पाळकसाहेबांना दोनदा रोह्याला येणं जमेना. शेवटी सुजयच म्हणाला, मी घेतो. त्याचं हिंदी असं होतं की पहिल्या रविवारी त्याने "आपण प्रार्थनेसाठी उभे राहू या"चं जे काही केलं, त्यावर अर्धी माणसं उठली आणि अर्धी बसली. पण पाळ्यांचं गणित त्याला पक्कं ठाऊक होतं. कुठली शिफ्ट कधी सुटते, कोण कुठल्या आठवड्यात मोकळा, याचा तक्ताच त्याने करून भिंतीला लावला. नाताळापर्यंत चारच्या उपासनेला तीसजण येऊ लागले. त्यातले काही ओडिशाचे होते, दोघं कोलाडच्या राफ्टिंग कँपवर काम करणारे नेपाळी. गीतांच्या वेळी मात्र एक मराठी आणि एक त्यांच्या सादरी बोलीतलं, असं आपोआप ठरत गेलं. सादरी गीताला मांदर हवा म्हणून सिलासने गावाहून मागवला, आणि बायजाबाई केवळ तो ऐकायला संध्याकाळी पुन्हा येऊ लागल्या. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ढोलाचा आवाज पुरतो, असं त्या म्हणत.

ऑफिसांचं काम वाटून घेतलं होतं. बँकेत खातं उघडायचं असेल तर एक जण, आधारचा पत्ता बदलायचा असेल तर दुसरा. दवाखाना अर्थातच सुरभीकडे. फोन तर ती आता कुठलाही उचलायची. विमेवाले खूश होते. दर सोमवारी ती धाटावला जायची, अस्लमच्या ओट्यावर बसायची. येणारे सगळेच काही चर्चचे नसत. पलीकडच्या खोलीतल्या बंगाली मुसलमान बाईचं बाळ लस न दिलेलं होतं, तिलाही रशिदाने आणून बसवलं. सुजयने एकदा विचारलं, हे कुठल्या पानावर लिहायचं? सुरभी म्हणाली, लिहू नका, लस देऊन झालीय.

एप्रिलमध्ये ठेकेदाराने एकदम टोळी हलवली. गुजरातेत दहेजला नवं काम निघालं होतं. सिलाससकट नऊजण दोन दिवसांत जायचे होते. सुरभीला ते मनाला लागलं. तिला वाटलं, आत्ता कुठे बसली होती घडी, आत्ता कुठे नावं तोंडात बसली होती. ती सिलासला थोडं लागट बोललीही, की तुम्ही लोक टिकत नाही कुठे. सिलास म्हणाला, "सिस्टर, हम लोग कहाँ टिकते हैं, ये ठेकेदार जानता है." मग तिलाच आपल्या बोलण्याची लाज वाटली.

ते गेले त्या दिवशी सुजयने चर्चमध्ये बसून सहा फोन केले. कुणाच्या ओळखीतून कुणाचा नंबर काढत शेवटी त्याने त्या बाजूच्या एका चर्चच्या सेक्रेटरीला गाठलं. नऊ नावं सांगितली, स्पेलिंगसकट. कोणाला रात्रपाळी सोसत नाही आणि कोणाला मागे लेप्टो झाला होता, हेही सांगितलं. तिकडचा माणूस आधी बुचकळ्यात पडला. हे तुमचे सभासद का? त्याने विचारलं. सुजय म्हणाला, "आमच्यातले आहेत. आता तुमच्याकडे येतायत. कुणी स्टेशनवर जाऊ शकेल का?"

आठवड्याने सिलासचा फोन आला. सुरभी पोळ्या करत होती, तिने फोन खांद्यात धरला.

"पोचलात का नीट? स्टेशनवर कुणी आलं होतं?"

आले होते, सिलास म्हणाला. दोघं होते. खोली लांब आहे, पाणी खारं आहे, पण रविवारी संध्याकाळी घ्यायला येतो म्हणालेत. "लेकिन सिस्टर, यहाँ का गाना गुजराती में है. लिपि भी दूसरी है. पढ़ा नहीं जाता."

"मग आता?" सुरभीने तव्यावरची पोळी उलटली.

"वो लोग बोले, तुम अपना सुनाओ पहले," सिलास म्हणाला. "तो हमने मराठीवाला सुना दिया."